३३ व्या वर्षी गावी परतलेला फुटबॉलपटू विचारतो: आधी लायसन्स काढू, की आधी लेकरं गोळा करू?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे माजी व्यावसायिक खेळाडू आहेत, वय ३३. दहा-अकरा वर्षं मुंबई, गोवा, कोलकाता असे बाहेर क्लबांकडून खेळले. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन दोनदा झालं, करार संपला आणि आता ते बीड जिल्ह्यातल्या आपल्या तालुक्याच्या गावी परत आलेत. जिल्हा परिषद शाळेचं मैदान संध्याकाळी मोकळं असतं, तिथं लेकरांना फुटबॉल शिकवायचा आहे. आधी कोचिंगचं लायसन्स काढू की आधी लेकरं गोळा करू? यात घर चालेल का? आणि बारा वर्षांचा एक मुलगा फार चांगला दिसतोय, त्याला कुठं पाठवू?

घराचं आधी सांगून टाकतो. पहिली दोन-तीन वर्षं तरी नुसत्या मैदानावर घर चालणार नाही. हिशेब पुढं देतोच.

लायसन्स की लेकरं, या प्रश्नाच्या मागं खरी अडचण वेगळीच आहे. क्लबात असताना तुमचा दिवस दुसरं कुणीतरी आखत होतं. तुम्ही मैदानात उतरायच्या आधी पाणी मारलेलं असायचं, ओळी आखलेल्या असायच्या, चेंडूंत हवा भरलेली असायची, बिब, म्हणजे संघ ओळखायला वरून घालायची रंगीत बनियनं, धुऊन ठेवलेली असायची. तुमचं काम फक्त खेळायचं. गावात ही सगळी कामं तुमचीच आहेत, आणि ती कुणाला दिसतसुद्धा नाहीत. माजी खेळाडू कोचिंगमध्ये अडखळतात ते बहुतेक वेळा इथं. फुटबॉल त्यांना येतोच.

बरंचसं परिस्थितीवरही आहे. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमींचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर लोक पैसे देऊन सामने बघतात. तिथं कोचला खेळ समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडं संध्याकाळचं मैदान टेनिस बॉल क्रिकेटचं, आणि पहाटेचं पोलीस भरतीच्या पोरांचं. ती १६०० मीटरचे राउंड मारत असतात, त्यांना हटवायला जाऊ नका. त्यांना कडेचा पट्टा द्या, मधली जागा तुम्ही घ्या. पुढं त्यातलेच एक-दोघे तुमचे मदतनीस होतात, कारण शिस्त त्यांना आधीच लागलेली असते.

मैदानाची परवानगी तोंडी घेऊ नका. मुख्याध्यापकांना अर्ज द्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो विषय घ्यायला लावा आणि ठरावाची प्रत जवळ ठेवा. मुख्याध्यापकांची बदली होते, नवे सर येतात, आणि तोंडी परवानगी जुन्या सरांबरोबर निघून जाते. अर्जात वार, वेळ, शौचालयाची किल्ली, पाण्याची टाकी आणि सामान ठेवायला एक कपाट, एवढं स्पष्ट लिहा.

आता माती. काळी असेल तर पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल आणि उन्हाळ्यात बोट जाईल अशा भेगा. भेगाळलेल्या जमिनीवर घोटे मुरगळतात, तेही पळताना कमी आणि वळताना जास्त. सगळं मैदान सुधारण्याच्या नादी लागू नका. ५० बाय ३५ मीटरचा एक तुकडा धरा, सात-सात जणांच्या सामन्याला तो पुरतो. त्यावर चार ते सहा इंच बारीक मुरूम, पाणी, रोलर, पुन्हा पाणी. मुरूम चाळून घ्या, बोराएवढा खडा राहिला तरी पडल्यावर गुडघा फोडतो. ओळी फक्कीच्याच मारा. कुणी स्वस्तात कळीचा चुना देऊ केला तरी घेऊ नका, डोळ्यात गेला तर डोळा भाजतो.

मैदानाच्या कडेला वेडी बाभूळ असणारच. तिचा काटा म्हणजे चेंडूचा आणि अनवाणी पायाचा, दोघांचाही वैरी. आठवड्यातून एकदा कडेचा दहा फुटांचा पट्टा झाडून घ्यायचा, आणि तो मोठ्या मुलांकडून आळीपाळीनं.

चेंडूंबद्दल जरा सविस्तर, कारण पैसा इथंच मुरतो. आठ वर्षांपर्यंत ३ नंबर, आठ ते बारा ४ नंबर, त्यापुढं ५ नंबर. लहान लेकराला ५ नंबर दिला की ते पायाच्या आतल्या बाजूनं मारायचं सोडून बोटानं मारायला लागतं, कारण चेंडू हलतच नाही. मग ती खोड मोडायला वर्ष जातं. तुम्ही गवतावर हाताने शिवलेल्या चांगल्या चेंडूंनी खेळलात. मुरमावर त्यांची साल काही महिन्यांत निघते. सरावाला खडबडीत रबरी मोल्डेड चेंडू घ्या, दोन चांगले चेंडू फक्त सामन्यांसाठी झाकून ठेवा. ब्लॅडर ब्युटाइलचा मागा, त्याची हवा जास्त दिवस टिकते. ५ नंबरच्या चेंडूत नियमाप्रमाणे ८.५ ते १५.६ पीएसआय दाबाची हवा चालते. मुरमावर खालच्या टोकाशीच ठेवा, नाहीतर चेंडू पिंपासारखा उसळतो आणि लेकरं त्याला घाबरतात. हवा भरताना पिन पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये बुडवून सरळ घाला. कोरडी पिन तिरकी घातली की व्हॉल्व्ह आत ढकलला जातो किंवा फाटतो. काट्यानं जेवढे चेंडू जातात, जवळजवळ तेवढेच या कोरड्या पिनेनं जातात.

सुरुवातीला २४ लेकरं धरली तर १२ चेंडू, ४० कोन, दोन रंगांचे बारा-बारा बिब, एक पंप, सहा पिना आणि औषधपेटी. गोलपोस्ट पहिल्या महिन्यात लागत नाहीत, कोन चालतात. पुढं लोखंडी पाइपचे हलवता येणारे पोस्ट केलेत तर मागच्या आडव्या पाइपवर वाळूची पोती बांधल्याशिवाय लेकरांना जवळ येऊ देऊ नका. लेकरं आडव्या दांडीला लोंबकळतात, पोस्ट पुढं कोसळतो आणि सरळ डोक्यावर बसतो.

शिकवण्याकडे येऊ. क्लबात पाहिलेला सराव इथं जसाच्या तसा आणायचा, ही माजी खेळाडूंची नेहमीची चूक. उदाहरण घ्या. २४ लेकरं एका रांगेत उभी, एकेकानं यायचं, कोनांमधून चेंडू न्यायचा आणि गोलावर मारायचा. एकाला २० सेकंद लागतात. म्हणजे एकदा मारून झाल्यावर पुन्हा पाळी यायला ८ मिनिटं. वीस मिनिटांत लेकराला चेंडू मिळतो दोन-तीनदा. उरलेला वेळ ते रांगेत ढकलाढकली करतं आणि तुम्ही ओरडता. दोष लेकराचा नाही. क्लबात रांगा लहान होत्या, चेंडू पोतंभर होते आणि चेंडू आणून द्यायला माणसं होती.

त्याऐवजी ७५ मिनिटं अशी वाटा. पहिली १५ मिनिटं दोघांत एक चेंडू: अंगठ्यानं, तळव्यानं, आतून, बाहेरून, नंतर एकमेकांचा चेंडू हिसकावणं. अंग यातच गरम होतं, वेगळे राउंड नकोत. मग २० मिनिटं एकच कौशल्य, चार-चारच्या गटांत, प्रत्येक गटाला १० बाय १० मीटरचा चौकोन. उरलेला वेळ चार विरुद्ध चार सामने, २५ बाय १५ मीटरवर, तीन मैदानं शेजारी शेजारी. चार-चारच्या सामन्यात चेंडूपासून कुणी लपू शकत नाही. अकरा-अकराच्या सामन्यात लाजाळू पोर अख्खा तास कोपऱ्यात काढू शकतं. सात ते तेरा वयासाठी फिफाचा ‘११ प्लस किड्स’ हा व्यायामसंच आहे, पडायला आणि एका पायावर तोल धरायला त्यात नीट शिकवलंय. आठवड्यातून दोनदा तो घ्या.

दुसरी चूक करून दाखवण्यातली. तुम्ही पास मारता तो एका झटक्यात होतो. लेकराला दिसतो फक्त लांब गेलेला चेंडू. पासचे तुकडे पाडा. उभा पाय चेंडूच्या शेजारी, वीतभर अंतरावर, बोट जिकडं चेंडू पाठवायचा तिकडं. मारणाऱ्या पायाची टाच किंचित खाली, घोटा घट्ट. चेंडूच्या मधोमध आतली बाजू. मारून झाल्यावर पाय त्याच दिशेला पुढं. आता चुका वाचायला शिका: चेंडू वर उडतोय तर उभा पाय मागं राहिलाय, चेंडू फिरत बाहेर जातोय तर उभ्या पायाचं बोट चुकलंय, चेंडूत जीवच नाही तर घोटा ढिला आहे. एका वेळी एकच चूक सांगा. ‘अरे नीट मार ना’ यातून लेकराला काहीच कळत नाही. आणि करून दाखवायला शक्यतो एखाद्या बऱ्यापैकी पोराला पुढं घ्या. सरांना जमतं यात लेकरांना नवल वाटत नाही, गल्लीतल्या शेजाऱ्याला जमलं की चुरस लागते.

गवतावरची एक सवय इथं चालत नाही. जोरात पायात दिलेला पास मुरमावर शेवटच्या क्षणी उडी घेतो. म्हणून पहिला स्पर्श शिकवताना तळव्यानं दाबणं आणि मांडीवर घेणं आधी शिकवा, आतल्या बाजूनं गादीसारखा घेणं नंतर. डोक्याचा सराव दहा वर्षांखालच्यांना देऊच नका. अमेरिकेत तर त्या वयाला हेडिंगवर बंदीच आहे. अकरा-बाराच्या पुढंही थोडाच, आणि हलक्या चेंडूनं.

आता वर्ष कसं आखायचं. मराठवाड्यात कोचिंगचं यश इथं ठरतं असं माझं मत आहे. क्लबाचा हंगाम फेडरेशन ठरवतं. तुमचा हंगाम शेती, परीक्षा आणि ऊन ठरवतात. जूनमध्ये शाळा उघडल्या की नोंदणी. जुलैपासून शालेय स्पर्धा लागतात, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या. सोयाबीन काढणीला मोठी पोरं दोन-तीन आठवडे दिसत नाहीत. आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बीडमध्ये कोच असाल तर तुमची काही लेकरं आई-बापांबरोबर कोयत्यावर जाणार, ती मार्च-एप्रिलमध्ये परतणार. त्यांची नावं कापू नका. जाताना एक जुना चेंडू आणि तीन कामं द्या: रोज दोन्ही पायांनी शंभर-शंभर वेळा झोपडीच्या पुढं अंगठ्यानं वर उडवणं, फडातल्या कुठल्याही पोराबरोबर पास, आणि डावा पाय. परतल्यावर त्याच गटात सरळ घ्या.

काही गावांत मागं राहणाऱ्या लेकरांसाठी झेडपीच्या शाळेतच हंगामी वसतिगृह चालतं. तुमच्या गावात ते असेल तर मुख्याध्यापकांना भेटा. या लेकरांना संध्याकाळी काहीच नसतं आणि आई-बाप लांब असतात. याहून नियमित हजेरी तुम्हाला दुसरीकडं मिळणार नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, सगळ्यात जास्त शिकवणं तेव्हाच. मार्चमध्ये परीक्षा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, मग फक्त सकाळी पावणेसहा ते सव्वासात. दर पंधरा मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. पाणी घरून बाटलीत आणायला लावा, कारण मेमध्ये शाळेच्या टाकीचा भरवसा नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यालाच, अर्धं पाकीट ग्लासात टाकून देऊ नका. नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पोर बरळायला लागलं, अंग तापलं, चाल अडखळली तर उष्माघात समजा. सावली, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा. गार करायला आधी सुरुवात, गाडी शोधणं त्याच वेळी दुसऱ्यानं.

दहावी जवळ आली की लेकरं गळतात, हेही गृहीत धरा. लातूर शेजारीच आहे, मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेच्या क्लासचं वारं प्रत्येक घरात शिरलंय. पालकांशी वाद घालू नका. नववी-दहावीच्या मुलांना आठवड्यात दोनच दिवस बोलवा आणि परीक्षेच्या दोन महिने आधी स्वतःहून सुट्टी द्या. स्वतः सुट्टी देणाऱ्या कोचकडं पालक पोराला परत पाठवतात.

मुलींसाठी वेळ दिवे लागणीच्या आधी संपणारी ठेवा, पाच ते सव्वासहा, हिवाळ्यात त्याहून लवकर. मदतीला एक बाई हव्यात. शिक्षिका, अंगणवाडीताई, कुणाची आई, कुणीही चालेल. टी-शर्ट आणि ट्रॅक पँट चालते हे पहिल्याच दिवशी सांगा, अर्ध्या चड्डीच्या भीतीनंच किती मुली येत नाहीत. एकट्या लेकराला, मुलगा असो की मुलगी, गाडीवर एकट्यानं सोडायला जाऊ नका. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार लेकराच्या लैंगिक छळाचा काही प्रकार कळला तर तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा. तुमच्या मदतनीसांनाही हे माहीत पाहिजे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. लेकरं आधी, लायसन्स पहिल्या वर्षातच. महाराष्ट्रात फुटबॉलचा कारभार विफा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन बघते. एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या लायसन्सच्या शिडीत सुरुवातीची ई आणि डी पायरी, मग आशियाई महासंघाची (एएफसी) सी, बी, ए आणि प्रो. कोर्स बहुतेकदा मुंबई-पुण्याकडं होतात, म्हणजे प्रवास आणि राहणं धरून पैसे बाजूला काढा. सहा महिने लेकरांबरोबर घालवून डीला गेलात तर तिथले प्रश्न तुमच्या ओळखीचे असतील. कोऱ्या पाटीनं गेलात तर कोर्स फक्त वहीत राहतो. खेळाडू म्हणून तुमचं नाव असलं तरी कोर्समध्ये सराव आखून, लिहून, घेऊन दाखवावा लागतो.

संस्थेची घाई नको. पहिलं वर्ष शाळेच्या नावाखाली काढा. पुढं सात माणसं मिळवून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करा, मग आयकर खात्याकडं १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या. देणगीदार ८०जीच विचारतो. नातेवाईकांचीच सात नावं घालू नका. एक शिक्षक, एक डॉक्टर, एक हिशेब येणारा माणूस हवा.

शालेय स्पर्धा आणि सुब्रतो कपच्या प्रवेशिका शाळेच्या नावानं जातात, अकादमीच्या नाही. म्हणजे तुमचीच लेकरं चार शाळांतून एकमेकांविरुद्ध खेळतील आणि करंडक क्रीडा शिक्षकाच्या हातात जाईल. जाऊ द्या. पीटी सरांशी बिनसलं तर लेकरू तालुक्यालाच अडकतं. दहावी-बारावीचे क्रीडा सवलत गुण याच स्पर्धांच्या प्रमाणपत्रांशी जोडलेले आहेत, आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण ठरावीक वरच्या पातळीच्या प्रमाणपत्रांशी, पालकांना ते नीट समजावून सांगा. ‘मोठा खेळाडू होईल’ यापेक्षा ते त्यांना लवकर पटतं.

पैसे. समजा ४० लेकरं, महिना १५० रुपये. कागदावर ६०००. तिसरा हिस्सा देऊ शकणार नाही, हातात ४०००. त्यातून चेंडू, फक्की, औषधं, स्पर्धेचा प्रवास. उरलं काय? तरीही फी शून्य ठेवू नका. वीस रुपये भरणारा बापसुद्धा पोर मैदानावर गेलं का ते विचारतो. ज्याला जमत नाही त्याच्या आईकडून आठवड्यातून एकदा बिब धुऊन घ्या, म्हणजे फुकटचं वाटत नाही. तुमची रोजीरोटी दुसरीकडून यायला हवी: सकाळी दोन खासगी शाळांत ठरलेल्या मानधनावर खेळाचे तास, सुट्टीत शिबिर, आणि रेफ्रीची परीक्षा देऊन सामन्यांचं मानधन. शाळांशी करार वर्षाचा करा, दहा महिन्यांचा केला तर एप्रिल-मे कोरडे जातात.

गुडघ्याचं विसरू नका. लेकरांच्या सामन्यात एक माणूस कमी पडला की आत उतरायचा मोह होतो. उतरू नका. थंड अंगानं, मुरमावर, अचानक वळणं म्हणजे तिसऱ्या ऑपरेशनला आमंत्रण. शिट्टी घ्या आणि कडेनं चाला. मांडीचा व्यायाम मात्र फिजिओनं सांगितला तसा चालू ठेवा, खेळणं थांबलं म्हणून तो थांबवायचा नसतो.

राहिला बारा वर्षांचा तो मुलगा. या वयात चांगला दिसणारा मुलगा कधी कधी फक्त लवकर वाढलेला असतो. वर्षभर त्याला त्याच्याहून मोठ्या गटात खेळवून बघा. अंगानं नाही, डोक्यानं टिकतो का ते कळेल. तो गुडघ्याच्या खाली किंवा टाचेत दुखतंय म्हणाला तर नाटक समजू नका, वाढीच्या वयात हाडाच्या टोकाशी तसं दुखतं. पळणं निम्मं करा, आणि दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही तर डॉक्टर. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्ससारखी निवासी अकादमी आहे, आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या क्लबांचे युवा संघ आहेत. ट्रायल लागल्या की त्यांच्या अधिकृत पानावरूनच अर्ज करा. ‘निवड पक्की करतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणारा कुणी गावात आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि त्याची कागदपत्रं आजच तपासा. जन्म दाखला, शाळेचा निर्गम उतारा आणि आधार, तिन्हींवर जन्मतारीख एकच हवी. खेड्यात पहिलीला नाव घालताना गुरुजींनी अंदाजे १ जून टाकलेली असते, दाखल्यावर वेगळीच तारीख निघते. ती दुरुस्त व्हायला महिने लागतात. शिवाय वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू३ पद्धतीनं हाडाचं वय बघितलं जातं, तिथं कागद कामाला येत नाही. म्हणून वय कमी करून खेळवायचा सल्ला कुणी पालकांना देत असेल तर तो आधी खोडून काढा. दाखला नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत सोमवारी जा, वडिलांना बरोबर घेऊन.